मनोऱ्यावरचे मोहोळ

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या सणाला आठ दिवस उरले असता घंटेच्या मनोऱ्याला लटकलेले आग्या मोहोळ रात्री जाळण्यात आले. सकाळी पायऱ्यांवर पडलेला मेलेल्या माश्यांचा खच दोन सुपांत भरून केळीच्या बुंध्याशी टाकला गेला. यात आम्ही कोणावर ठपका ठेवू इच्छित नाही. परवानगीच्या कागदावर सही आमचीच होती. यंदा त्याच जागी मोहोळ पुन्हा बसले आहे आणि 'बंदोबस्ता'चा प्रस्तावही पुन्हा पुढे आला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

बंदोबस्त चोरांचा करतात. आग्या माशी ही पाहुणी आहे. सातेरीप्रमाणे ती पेटीत नांदत नाही. उंच जागी, उघड्यावर, एकच मोठे पोळे बांधते, फुलोरा सरला की ते रिकामे टाकून निघून जाते आणि पुढच्या मोसमात बहुधा जुन्याच ठिकाणी परतते. चार-दोन महिने कळ काढली असती, तर ती आपणहून गेली असती.

"मुलांना डंख झाला तर जबाबदारी कोण घेणार, फादर?" हा प्रश्न रास्त आहे. आग्या माशी चवताळली तर माणसाच्या जिवावर बेतते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ती चवताळते कशाने? धुराने, धक्क्याने, धमाक्याने. आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी मनोऱ्याच्या पायथ्याशी फटाक्यांची माळ कोण लावते? माळ विझवायची सोडून आपण मोहोळ विझवले. मनोऱ्याखालची वाट दोरी बांधून बंद करावी, मिरवणूक बाजूच्या दाराने काढावी, एवढे साधे आपल्याला सुचू नये?

वसईची केळी माशीवाचून धरतात, म्हणून बागायतदार गाफील राहिला असावा. कारली, काकडी, भोपळा यांचे तसे नाही. नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. मध्ये निरोप्या हवाच. आमच्या धर्मग्रामातील एक आजीबाई हल्ली पहाटे मांडवाखाली उभ्या राहून नरफूल खुडतात आणि मादीफुलावर टेकवतात. "फादर, माशीचं काम आता मी करते, पण माशीला कंबरदुखी नव्हती," असे त्या हसत म्हणाल्या. आम्हांला हसू आले नाही. त्यांच्या शेजारच्या वाडीत त्याच वेळी, फुले उमलली असताना, फवारणी चालू होती. निदान तो पंप सूर्यास्तानंतर तरी पाठीवर घ्यावा! युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातील वापरावर मधमाश्यांपायी बंदी घातली. आपण डबीवरची सूचनाही वाचत नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला ओ देऊन हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेला हा समाज आहे. तेव्हा शत्रू बाहेरचा होता, घोषणा देणे सोपे होते. आज बावखल बुजवणारा आपला, सोनचाफा तोडून फरशी घालणारा आपला, आणि मोहोळ जाळणाऱ्या कागदावर सही करणारा तर धर्मगुरूच.

पास्काच्या जागरणात, काळोख्या चर्चमध्ये, मेणबत्तीची स्तुती गाताना मूळ लॅटिन पाठ मधमाश्यांच्या श्रमाचा आवर्जून उल्लेख करतो. मधल्या काळातल्या इंग्रजी भाषांतरातून त्या गळाल्या होत्या. २०११ च्या भाषांतरात परतल्या. आमच्या हातातील मेणबत्ती मात्र बहुतेकदा खनिज तेलाच्या मेणाची असते. ज्यांचे श्रम आम्ही देवापुढे गातो, त्यांना मनोऱ्यावर जाळतो! पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात शेतीतील विषांनी नाहीशा होणाऱ्या उपकारक कीटकांचा प्रश्न मांडला. आम्ही त्यावर तीन रविवार प्रवचने दिली. चौथ्या रविवारी काय केले, ते वर लिहिलेच आहे.

यंदाच्या खर्चाचा कागद सहीसाठी आमच्या मेजावर आला. त्यात 'मोहोळ काढणे' आणि 'फटाके' या दोन बाबी एकाखाली एक होत्या. दोन्हींवर काट मारून कागद आम्ही परत धाडला आहे. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभा आहे. ज्यांना आमचे म्हणणे मान्य नाही, त्यांनी अवश्य यावे. येताना मनोऱ्याखालची वाट मात्र टाळावी.