घड्याळातला मोती

आमच्या महाविद्यालयात एक ‘तास’ ४८ मिनिटांचा असतो. नवे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात याला हसतात आणि पुढे विसरून जातात. आम्ही दोघे मराठी विभागात कित्येक वर्षे हेच तास घेत आलो आहोत. आमच्यापैकी एक कायम नेमणुकीवर आहे आणि एक अद्यापही तासिका तत्त्वावर, म्हणजे सरकारी भाषेत ज्याला ‘क्लॉक अवर बेसिस’ म्हणतात त्यावर. एकाला महिन्याचा पगार मिळतो, दुसऱ्याला घेतलेल्या तासांचे मानधन. घड्याळ या वस्तूविषयी दोघांनी मिळून लिहावेसे वाटले त्याचे कारण या फरकात आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

४८ मिनिटे म्हणजे बरोबर दोन घटका, अर्थात एक मुहूर्त. वेळापत्रक करणाऱ्याने पंचांग पाहिले असेल असे आम्हांला वाटत नाही. तेव्हा हा योगायोगच. पण ‘तास’ या शब्दाच्या पोटात मात्र खरोखरच एक यंत्र दडलेले आहे. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ वाडगा, पेला. त्यावरून टोल देण्याची धातूची थाळी, टोलांनी मोजला जाणारा काळ, आणि सरतेशेवटी फळ्यासमोरचा आमचा तास. ‘घड्याळ’ही घटिकेच्याच कुळातले. घटिकापात्र ज्यांनी कधी पाहिलेले नाही तेही ‘त्याची घटका भरली’ असे सहज म्हणतात. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. पाणी हळूहळू आत चढते, वाटी भरते आणि बुडते. ती बुडाली की २४ मिनिटे झाली. पूर्वी लग्नघरी जोशीबुवा या पात्रापाशी बसून असत. पात्राला टोल देता येत नव्हता, तेव्हा कोणीतरी त्याच्याकडे पाहत बसणे हा त्या यंत्राचाच एक भाग होता.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. विवाहाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडलेले असते, मुलगी कुतूहलाने वाकून पाहते, तिच्या अंगावरील एक मोती पात्रात पडतो आणि छिद्र बुजते. वाटी बुडतच नाही आणि मुहूर्त टळून जातो. गोष्ट खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना यंत्रांची चांगली जाण होती असे म्हटले पाहिजे. यंत्र बिघडले, एका माणसाचे आयुष्य त्यापायी बदलले. पण वाटी उचलून पाहिल्याबरोबर मोती सापडला. काय चुकले हे मांडवातल्या कोणालाही कळू शकत होते.

आता आमच्या आवारात येऊ.

काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे तास पडायचा तो रुळाच्या तुकड्यावर. कचेरीसमोरच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता आणि शिपाईमामा त्यावर लोखंडी दांड्याने टोल देत. मामांचे घड्याळ कचेरीच्या भिंतीवर. पण त्यांचा एक डोळा फाटकाकडे असे. खेड्यांवरची एसटी उशिरा येऊन फाटकाशी थांबली की मुले आत धावेपर्यंत पहिला टोल दोन मिनिटे लांबे. आमच्यापैकी एकाला हा न्याय वाटतो. दुसऱ्याचे म्हणणे असे की, मामांची ही दया सर्वांना सारखी मिळत नसे. पावसाळ्यात चहाची वेळ झाली की शेवटचा टोल तीन मिनिटे आधीही पडे. दोन्ही खरे आहे. मात्र मामांना जाऊन विचारता येत होते, भांडताही येत होते, आणि आम्ही भांडत होतो.

पुढे मामा निवृत्त झाले आणि प्रवेशद्वाराशी बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र बसले. ते ‘सर्व्हरशी जोडलेले’ आहे, असे आम्हांला मोठ्या अभिमानाने सांगण्यात आले. गेल्या पावसाळ्यात तासिका तत्त्वावरील चौघांचे मानधन कापून आले. यंत्राच्या नोंदीप्रमाणे हे चौघेही सकाळचा तास संपण्याआधीच निघून जात होते. कायम नेमणुकीवरच्यांना याच कारणासाठी नुसती समज देणारे पत्र मिळाले. वस्तुस्थिती अशी होती की वीज गेली की यंत्रातले घड्याळ थांबत होते आणि वीज आली की थांबल्या जागेपासून पुढे चालू लागत होते. आमच्या गावात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. पाच-पाच, तीन-तीन मिनिटे साठत यंत्र अकरा मिनिटे मागे पडले. ८ वाजून ४८ मिनिटांनी तास संपवून ८.५० ला बोट टेकवणाऱ्याची नोंद ८.३९ अशी पडू लागली. सकाळी ७.५५ ला आलेला माणूस याच हिशेबाने ७.४४ ला आलेला दिसे, हे खरे. पण लवकर आल्याचे पैसे कोणी देत नाही.

यंत्र मागे चालले आहे, हे यंत्रासमोर उभे राहून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहणाऱ्या कोणालाही दिसत होते. आम्ही ते दाखवलेही. उत्तर मिळाले की यंत्र सर्व्हरशी जोडलेले असल्याने त्याची वेळ चुकणार नाही; तुमच्या घड्याळाचे पाहा. ही जोडणी नोंदी वर पाठवण्यापुरतीच होती, वरून वेळ खाली आणण्याची सोय कोणी चालूच केली नव्हती, हे पुष्कळ नंतर कळले.

या एका तपशिलाने आम्हांला विचारात पाडले. ‘जोडलेले’ घड्याळ ही काही इंटरनेटच्या युगाची नवलाई नव्हे. स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्थानकांवरील घड्याळ पुष्कळांनी निदान छायाचित्रांत पाहिले असेल: पांढरी तबकडी, आकड्यांऐवजी जाड काळ्या रेघा, आणि टोकाला वाटोळी चकती असलेला लाल सेकंदकाटा. हान्स हिल्फिकर या रेल्वेच्याच अभियंत्याने १९४४ मध्ये त्याची रचना केली. लाल काटा नंतरचा, १९५३ चा. त्याचा आकार गाडी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातील लाल चकतीवरून घेतलेला. या काट्याची गंमत अशी की तो आपली फेरी ६० सेकंदांत पुरी करीत नाही, साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच करतो आणि मग बाराच्या खुणेशी उभा राहतो. मुख्य घड्याळाकडून तारेने विजेचा स्पंद आला की मिनिटकाटा एक घर पुढे सरकतो आणि लाल काटा पुन्हा निघतो. फलाटावरचा प्रवासी दर मिनिटाला हे थांबणे पाहतो.

वस्तुरचनेच्या दृष्टीने आम्हांला हे घड्याळ थोर वाटते ते केवळ सुबक आहे म्हणून नव्हे. (सुबक तर आहेच, २०१२ मध्ये ॲपलने आपल्या आयपॅडवर ती तबकडी वापरली आणि मग रेल्वेशी परवान्याचा करार करावा लागला.) आपण दुसऱ्यावर अवलंबून आहोत, आपली वेळ आपली नव्हे, कोठून तरी येते, हे ते घड्याळ लपवीत नाही. स्पंद न आला तर काटा बाराशी उभा राहील आणि बिघाड साऱ्या फलाटाला दिसेल. शिवाय त्याची जोडणी घेण्यापुरती आहे. ते वेळ घेते आणि दाखवते. खाली कोण उभे आहे, कोण धावत आले, याची खबर ते कोणाला देत नाही. आमच्या प्रवेशद्वारावरील यंत्र नेमके याच्या उलट. खबर देणारे, पण स्वतः कोणाचे न ऐकणारे.

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाचा प्रश्नही आम्हांला येथेच दिसतो. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्यापैकी एकाच्या वडिलांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याची पहिली सूचना अशाच घड्याळाने दिली, आणि पुढे डॉक्टरांनी ती खरी ठरवली. तेव्हा जुने ते सोने असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. पण त्याची रचना पाहा. काचेवर काढलेले काटे, बोट फिरवताच बदलणारी तबकडी, आणि २०१५ मध्ये विक्रीस आलेल्या ॲपलच्या घड्याळात तर कडेला किल्ली देण्याचा बोंडही आहे. त्याने किल्ली मात्र बसत नाही, पडदा सरकतो. कारागिरीचा सारा भर चेहऱ्यावर आहे. तो चेहरा जुन्या घड्याळाचे सोंग इतके बेमालूम घेतो की आपण वेळ पाहत असताना घड्याळही आपली झोप, पावले, नाडी मोजून कोठेतरी धाडत आहे, याची आठवण राहत नाही. ते कोठे जाते हे सांगणारा एकही काटा त्या तबकडीवर नसतो.

किल्लीच्या घड्याळांचे आज जे कौतुक चालते त्यातही बरेच सोंग आहे. बंगळूरच्या एचएमटीने १९६१ पासून सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्याने घड्याळे केली. तिचा घड्याळविभाग २०१६ मध्ये बंद झाला. आता कारखान्याने कधी न काढलेल्या रंगांत तबकड्या रंगवून तीच घड्याळे ‘दुर्मीळ’ म्हणून विकली जातात. असो. त्या ‘जनता’ घड्याळाचे चक्र तासाला १८,००० ठोके देते. क्वार्ट्झचा स्फटिक एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. अचूकपणात तुलनाच नाही. किल्लीचे घड्याळ दिवसाला अर्धे मिनिट पुढेमागे झाले तरी त्याचे काही वाटत नसे. त्यामुळे होई असे की, एसटीच्या थांब्यावर अनोळखी माणसालाही ‘तुमच्यात किती वाजले?’ असे विचारले जाई. ‘तुमच्यात’ हा शब्दप्रयोग नीट पाहावा. प्रत्येकात वेगळे वाजलेले असू शकतात आणि ते ताडून पाहायचे असतात, हे त्यात गृहीत धरलेले होते.

वेळ कोणाची, यावर भांडण्यात हास्यास्पद काही नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. सहाचा भोंगा नव्या वेळेने झाला म्हणजे कामगाराला पाच वाजून एकवीस मिनिटांनीच गिरणीत उभे राहावे लागणार. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी त्यासाठी काम थांबवले होते. शहराने तर आपली वेळ पुढे कित्येक वर्षे जपली. या विरोधाला केवळ हेकटपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात. सूर्य उगवण्याआधी कोणाला उठावे लागणार होते, एवढे त्यांनी विचारावे.

आमची मागणी याहून फार लहान होती. यंत्राशेजारी भिंतीवर एक साधे घड्याळ लावावे आणि नोंद करताना यंत्राची वेळ व भिंतीवरची वेळ दोन्ही दिसाव्यात. फरक पडला तर सही करून हरकत घेता यावी. अर्जावर दोघांनीही सह्या केल्या. ज्याचे मानधन कापले गेले होते त्याने दोन दिवस विचार करून सही केली, कारण तासिकांची नेमणूक दर वर्षी नव्याने होते.

ऑगस्टच्या अखेरीस कंपनीचा मुलगा आला. त्याने चार स्क्रू काढले, आतला नाण्याएवढा सेल नखाने उचकटून बाहेर काढला आणि नवा बसवला. दहा मिनिटांचेही काम नव्हते. जुना सेल मेल्यामुळे वीज गेली की घड्याळ थांबत होते, असे त्याने आम्ही न विचारताच सांगितले आणि तो सेल आमच्या हातावर ठेवला. तो घेऊन आम्ही कचेरीत गेलो. लिपिकाने सेल उलटसुलट करून पाहिला. नोंदी वर गेलेल्या आहेत, खालून त्यात बदल करता येत नाही, असे तो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळाच्या अर्जाचे विचारले, तेव्हा तो फाइलीत असल्याचे कळले.