हक्काच्या पैशाचा पत्ता कोण ठरवणार?

शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर झालेला असतो. संकेतस्थळावर रक्कम वितरित झाल्याचे दिसते. पण विद्यार्थ्याच्या पासबुकात एक रुपया आलेला नसतो. महाविद्यालयाचा कारकून म्हणतो समाजकल्याणमध्ये जा, समाजकल्याण म्हणते बँकेत जा, बँकेतले साहेब म्हणतात आमच्याकडे काही आलेच नाही. हेलपाटे मारून मारून पोरगा थकतो. शेवटी कळते की पैसा कुणी खाल्लेला नाही. तो त्याच्याच नावावरच्या दुसऱ्या खात्यात पडलेला आहे. ते खाते त्याने मोबाईलवर दहा मिनिटांत उघडले आणि तो विसरूनही गेला!

हे कसे घडते, ते समजून घेतले पाहिजे. सरकारी योजनेचा पैसा आता खाते क्रमांकावर नव्हे, तर बहुतेक ठिकाणी आधार क्रमांकावर पाठवला जातो. कोणत्या आधार क्रमांकाचा पैसा कोणत्या बँकेत टाकायचा याची नोंदवही राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे असते. एका आधारपुढे एका वेळी एकाच बँकेचे नाव राहते. नवी बँक जोडली की जुनी आपोआप मागे पडते. बँकेला ओळखीसाठी आधार देणे वेगळे आणि या नोंदवहीत त्या बँकेचे नाव चढणे, ज्याला आधार सीडिंग म्हणतात, ते वेगळे. हा फरक काउंटरवर कुणी समजावून सांगत नाही. मोबाईलवर तर एका चौकटीत बारीक अक्षरात संमती मागितली जाते आणि आपण न वाचता बोट दाबतो.

या बोटाची किंमत काय असते, ते २०१७ साली देशाने पाहिले आहे. मोबाईलच्या सिमची आधार पडताळणी करायला गेलेल्या ग्राहकांची खाती त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय एअरटेल पेमेंट्स बँकेत उघडली गेल्याच्या आणि त्यांचे गॅसचे अनुदान तिकडे वळल्याच्या तक्रारी आल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसीची परवानगी तात्पुरती थांबवली. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट्स बँकेला ५ कोटी रुपये दंड केला. गॅसचे अनुदान गेले तर गृहिणीचा महिना कोलमडतो. शिष्यवृत्ती चुकली तर एखाद्याचे शिक्षणच थांबते.

आणि ही शिष्यवृत्ती कुणाची मेहेरबानी नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून तरतूद मिळवली. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ सालची आहे. २०२१-२२ पासून तिच्यातला केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार संलग्न खात्यात जमा करण्याची पद्धत आली. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींचे दरमहा १५०० रुपयेही अशाच खात्यात जाऊ लागले. मधला दलाल कमी झाला, हे चांगलेच झाले. परंतु जबाबदारी मात्र सगळी लाभार्थ्याच्या डोक्यावर आली.

म्हणून आम्ही आपल्या विद्यार्थ्यांना आणि माताभगिनींना काही गोष्टी स्पष्टपणे सांगू इच्छितो. सरकारी पैशासाठी एकच खाते ठेवा आणि रोजच्या मोबाईल व्यवहारांसाठी दुसरे, थोड्या शिलकीचे. नवे खाते उघडताना योजनांचा पैसा इथे घेण्याची संमती विचारली जाते, ती वाचल्याशिवाय देऊ नका. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपल्या आधारपुढे कोणत्या बँकेची नोंद आहे ते दिसते, ते अर्ज भरण्यापूर्वी पाहा. ती नोंद बदलल्याची खात्री होईपर्यंत जुने खाते बंद करू नका. घरबसल्या केवळ आधारच्या ओटीपीवर उघडलेल्या खात्यात १ लाखाहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात पूर्ण केवायसी केली नाही तर ते चालू राहत नाही, हेही लक्षात असू द्या.

नव्या खात्यात पहिला पैसा भरतानाही घाई नको. बँकेचे संकेतस्थळ शोधयंत्रात दिसेल त्या पहिल्या दुव्यावरून उघडू नका. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर येण्यास सांगितले होते, तेच शेपूट तपासा. आधी एक रुपया पाठवा, नाव आणि नोंद जुळली की मग बाकीची रक्कम. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. "शिष्यवृत्ती जमा करायची आहे, पिन टाका" असे कोणी म्हणाला तर तो चोर समजा. चार पैशांसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणे तर सर्वांत घातक. चोरीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरतो आणि पोलीस तुमच्या दारात येतात.

फसवणूक झालीच तर लाजू नका. त्याच क्षणी १९३० क्रमांकावर आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसा काढला आणि तीन कामाच्या दिवसांत तक्रार झाली, तर ग्राहकावर भार नाही असे ठरवले. मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच धरले. इथेच आमचा प्रश्न आहे. ज्याच्या घरात बँकेचे पासबुक पहिल्यांदाच आले, त्याला सावधपणाची परीक्षा न शिकवता द्यायला लावायची आणि नापास झाला की दंडही त्याच्याकडूनच घ्यायचा, हा कुठला न्याय?

३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने पैसे पाठवण्याच्या ॲपला 'भीम' नाव दिले आणि ते बाबासाहेबांशी जोडले. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाचे नाव घेतले, तर त्याचा विचारही घ्यावा लागेल. रुपया अस्थिर झाला की मार गरिबाला बसतो, हे त्यांनी पाहिले होते. आज रुपयाचा पत्ताच अस्थिर झाला आहे. आधारची बँक बदलताच लाभार्थ्याला मराठीत संदेश गेला पाहिजे आणि त्याच्या होकाराशिवाय बदल पक्का होता कामा नये. प्रत्येक महाविद्यालयात आणि समाजकल्याण कार्यालयात ही नोंद तपासून देणारा एक जबाबदार माणूस बसला पाहिजे. तोपर्यंत वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी रविवारी दोन तास विहारात बसावे आणि आपल्या लोकांची खाती तपासून द्यावीत. हक्काचा पैसा कुठे उतरणार, हे आपल्यालाच माहीत नसेल तर तो हक्क कागदावरच राहील.