यंत्र उघडल्याशिवाय पुरावा येणार कुठून?

15 जानेवारी 2026 रोजी नवी मुंबईसह राज्यातील 29 महापालिकांसाठी मतदान झाले. या मतदानात व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नव्हती. निकालानंतर आमच्या वस्तीतील विहारात कार्यकर्ते जमले आणि अपेक्षेप्रमाणे विषय निघालाच. "वकीलसाहेब, मशीनमध्ये गडबड आहे." मी विचारले, "पुरावा?" सगळे गप्प. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे मला न्यायालयात रोज ऐकावे लागते, म्हणून मीही त्यांना तेच ऐकवले. पण घरी परतताना मलाच प्रश्न पडला. पुरावा गोळा करण्याची वाट तरी या देशात कोणी मोकळी ठेवली आहे काय?

यंत्राचा पुरावा यंत्राच्या पोटात असतो. तो काढण्याच्या विद्येला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. नाव मोठे असले तरी काम आपल्या परिचयाचे आहे. आमच्या नेरूळमध्ये एक आयटीआय झालेला तरुण इन्व्हर्टर आणि टीव्हीची कार्डे दुरुस्त करतो. कंपनी त्याला सर्किटचा नकाशा देत नाही. कधी कधी आयसीवरचा नंबरसुद्धा घासून टाकलेला असतो. तो मल्टीमीटरची दोन टोके लावून एकेक ट्रॅक तपासतो, कोणता पाय कुठे जोडला आहे हे वहीत मांडतो आणि संध्याकाळपर्यंत नकाशा तयार करतो. तयार वस्तूवरून मागे मागे जात तिची रचना उलगडायची, एवढाच याचा अर्थ. ही चोरी नव्हे. हा अभ्यास आहे.

हाच अभ्यास मतदान यंत्राचा करू पाहणाऱ्याचे काय झाले? हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांना निवडणूक आयोगाने सप्टेंबर 2009 मध्ये यंत्रातील दोष दाखवण्यासाठी बोलावले आणि प्रात्यक्षिक अर्ध्यावरच थांबवले. यंत्र उघडून तपासणे म्हणजे रिव्हर्स इंजिनिअरिंग, त्यामुळे उत्पादकाच्या बौद्धिक संपदेवर गदा येते, अशी हरकत पुढे आली. उत्पादक कोण? इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सरकारी कंपनी. जनतेच्या पैशाने बनलेले यंत्र जनतेचेच मत मोजते, पण जनतेने आत डोकावायचे नाही, असा हा न्याय!

पुढे 2010 मध्ये हरी प्रसाद यांच्या हाती एक खरे यंत्र आले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंग्रिप यांच्यासह त्यांनी ते तपासले. दोन गोष्टी त्यांनी करून दाखवल्या. पहिली, आकडे दाखवणारे मूळ कार्ड काढून हुबेहूब दिसणारे खोटे कार्ड बसवायचे आणि मोबाईलवरून ब्लूटूथने त्याला कोणता उमेदवार जिंकवायचा ते सांगायचे. दुसरी, मतांची नोंद ठेवणाऱ्या मेमरी चिपला छोटीशी क्लिप लावून साठवलेली मते बदलायची. हा शोधनिबंध ऑक्टोबर 2010 मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडला गेला. आयोगाचे उत्तर असे की, यंत्रे सीलबंद आणि पहाऱ्यात असतात, त्यांच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय हे शक्य नाही. त्या उत्तरात तथ्य आहेच. एखादे यंत्र बिघडवता येते म्हणजे एखादी निवडणूक बिघडवली गेली, असे सिद्ध होत नाही. हे आपल्या कार्यकर्त्यांनीही ध्यानात ठेवावे.

परंतु सरकारने केवळ उत्तर देऊन भागवले नाही. ते यंत्र मुंबईतील सरकारी गोदामातून गेलेले होते. 21 ऑगस्ट 2010 रोजी हरी प्रसाद यांना हैदराबादच्या घरातून अटक करून मुंबईत आणण्यात आले. आरोप घरफोडी आणि चोरीचा. यंत्र कोणी दिले त्याचे नाव त्यांनी सांगितले नाही. आठवड्याने, 28 ऑगस्टला, मुंबईच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला. आरोपीचा हेतू अप्रामाणिक दिसत नाही, यंत्रात फेरफार होऊ शकतो हे तो दाखवत होता, असा त्या आदेशाचा सूर होता. त्याच डिसेंबरमध्ये हाल्डरमन आणि गोंग्रिप यांना दिल्लीच्या विमानतळावर अडवून ठेवले, मगच देशात येऊ दिले. 2019 मध्ये हरी प्रसाद तेलुगू देसमच्या शिष्टमंडळातून आयोगाकडे गेले, तेव्हा आयोगाने याच जुन्या गुन्ह्याकडे बोट दाखवून हरकत घेतली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. सेमीकंडक्टर इंटिग्रेटेड सर्किट्स लेआउट-डिझाईन कायदा, 2000 च्या कलम 18 नुसार वैज्ञानिक मूल्यमापन, विश्लेषण, संशोधन किंवा अध्यापन यांसाठी चिपच्या रचनेची नक्कल करणे हे उल्लंघन ठरत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार संगणक प्रोग्रॅमचे काम कोणत्या तत्त्वावर चालते ते निरीक्षणाने आणि चाचणीने शोधायला मुभा आहे. पेटंट कायद्याचे कलम 47 प्रयोग आणि संशोधनाला वाट देते. मग बौद्धिक संपदेचा बागुलबुवा कशासाठी?

खरी मेख वेगळीच आहे. या सवलती वस्तू कायदेशीर मार्गाने हाती आलेल्या माणसाला उपयोगी पडतात. टीव्ही बाजारात विकत मिळतो, मतदान यंत्र मिळत नाही. प्रत्येक यंत्र सरकारच्या ताब्यात. म्हणजे परवानगीशिवाय ते उघडणारा चोर ठरणार आणि परवानगी तर मिळणार नाही. आधी सरळ दरवाजा बंद करायचा आणि मग खिडकीतून आला म्हणून पकडायचे! गावच्या पाणवठ्यावर हेच चालत असे. पाणी सर्वांचे, पण ओंजळ घालायचा हक्क ठरावीक लोकांचाच.

तपासणीने आभाळ कोसळत नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या पर्वती मतदारसंघातील 2014 च्या निवडणुकीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये यंत्र न्यायवैद्यक तपासणीसाठी हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवले. फेरफार आढळला नाही. आयोगाची बाजू बळकट झाली ती तपासणीमुळेच ना? नेदरलँड्समध्ये गोंग्रिप यांच्या गटाने 2006 मध्ये तिथले यंत्र उघडून दोष दाखवले आणि 2008 मध्ये तो देश कागदाकडे परतला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 3 मार्च 2009 रोजी निर्वाळा दिला की, मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत.

आपल्याकडे 8 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याची गरज मान्य केली आणि व्हीव्हीपॅट आले. 26 एप्रिल 2024 च्या निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागता येते. पण तपासणार कोण? यंत्र बनवणाऱ्या कंपनीचेच अभियंते. कोणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश असू नये, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. शिवाय खर्च उमेदवाराचा. तो सुरुवातीला एका संचाला 40 हजार रुपये होता, पुढे न्यायालयाने टोकल्यावर कमी झाला. वर्गणी काढून अनामत भरणारा आपला उमेदवार हा हक्क कसा वापरणार?

बाबासाहेबांनी 1919 साली साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की, राजकारणात आपल्याला एक मत, एक मूल्य मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील. म्हणजे गरिबाच्या हाती समतेचे एवढेच एक नाणे आहे. ते खणखणीत आहे की नाही, हे वाजवून पाहण्याचा हक्क त्याला हवा.

म्हणून मागणी नेमकी करू या. यंत्राचे नमुने सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना खुल्या तपासणीसाठी द्या. प्रामाणिक हेतूने दोष दाखवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण द्या. उमेदवाराच्या तपासणीत स्वतंत्र तज्ज्ञ बसवा. महापालिका आणि ग्रामपंचायतीच्या मतालाही कागदाचा पुरावा द्या.

आणि एक काम आपले. आपली मुले आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये, महापेच्या कारखान्यांत कार्डे जोडतात आणि दुरुस्त करतात. सर्किट वाचणारे हात समाजात आहेत. त्यांना चळवळीने केवळ सतरंज्या उचलायला बोलावू नये. पुढच्या वेळी विहारात कोणी "मशीनमध्ये गडबड आहे" म्हणाला, तर त्याच्या शेजारी मल्टीमीटर धरणारा तरुण आणि अर्ज लिहिणारा वकील बसलेला असला पाहिजे. मग "पुरावा?" हा प्रश्न आपण आयोगाला विचारू.