सुट्टी बाईलाही हवी

मांडवगण फराट्याकडे उसातली खुरपणी थांबली की बायांना आठवडाभर सुट्टी मिळते. त्यात गोधड्या, दळण, साफसफाई निघते. कंबर तशीच दुखत राहते. आम्ही आरोग्याचे काम करणाऱ्या बाया याला विश्रांती म्हणत नाही.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून मांडलेल्या विधेयकामुळे १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांत कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. घरातल्या बाईसाठी तसा नियम घरानेच करायचा आहे. पाणी मुलाने भरावे, भाकरी नवऱ्याने थापाव्यात. दुपारी बाईने पाठ टेकावी, आवडीचे पुस्तक वाचावे. वाचता येत नसेल तर लेकीकडून ऐकावे.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून ‘जिणं आमुचं’ लिहिले. आपल्या लेकीसुनांवर पुस्तक लपवण्याची वेळ येऊ देऊ नका.

जयभीम!