पाऊस दोषी, बाकी सारे निर्दोष!

इमारत कोसळली की आपल्याकडे आरोपी ठरलेलाच असतो : पाऊस! ढिगाऱ्याखालून शेवटचा देह निघण्याआधी मंत्री पाहणी करून जातात, मदतीचा आकडा जाहीर होतो, चौकशी समिती बसते आणि ‘संततधारेमुळे बांधकाम कमकुवत झाले’ हे पालुपद सुरू होते. मग ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ ‘लकी कंपाउंड’मधली बेकायदा इमारत, काम चालू असतानाच, ७४ जणांचा जीव घेऊन कोसळली, तेव्हा ऐन उन्हाळ्यात कोणता पाऊस पडत होता?

राजाबाई टॉवर १८७८ पासून हाच पाऊस अंगावर घेत उभा आहे. तो दगडी, त्यात गंजायला सळई नाही, असे कोणी म्हणेल. ठीक! मरीन ड्राइव्हवर १९३० च्या दशकातल्या आरसीसी इमारती आहेत. खारा वारा त्यांच्याइतका कोणी सोसला? तरी त्या उभ्या आहेत, कारण त्यांची निगा राखली गेली. आणि महाडची ‘तारिक गार्डन’? दहा वर्षेही पुरी न झालेली ती पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी १६ जणांना गाडून गेली.

इमारतीचे आयुष्य स्लॅब पडतो त्याच आठवड्यात ठरते. माल सहज पसरावा म्हणून मिक्सरमध्ये बादलीभर पाणी जास्त ओतले जाते आणि ताकद तिथेच संपते. सळईखाली कव्हर ब्लॉक हवा. तिथे खडीचा तुकडा सरकवतात. किनारपट्टीच्या हवेसाठी भारतीय मानक ४५६ निदान एम-३० दर्जाचे काँक्रीट, सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण आणि किमान सात दिवस सलग ओलावा मागते. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी टँकर येत नाही, गोणपाट वाळते आणि मुकादम पुढच्या मजल्याचे शटरिंग उभारू लागतो. आवरण पातळ म्हणजे खार आणि ओल सळईपर्यंत लवकर पोचणार. गंजलेले लोखंड फुगते, काँक्रीट आतून फोडते. स्वयंपाकघराच्या छताला सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, तपकिरी डाग उमटतो, पोपडे सुटतात. घरमालक काय करतो? पुट्टी भरून रंग मारतो!

हा दोष एकट्या बिल्डरचा नाही. आपण मुहूर्त पाहतो, स्वयंपाकघराची दिशा पाहतो, वास्तुशांतीच्या पंगती उठवतो. पण सळईवर काँक्रीट किती, हे विचारणारा मायेचा पूत दिसत नाही. घाटकोपरची ‘साईदर्शन’ २५ जुलै २०१७ रोजी १७ बळी घेऊन पडली. तळमजल्याच्या नूतनीकरणात खांबांनाच हात लावल्याचा आरोप झाला. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडणाऱ्या प्रत्येक सुशिक्षिताने ती तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

आणि सरकार? मुंबईत इमारत तीस वर्षांची झाली की स्थैर्य प्रमाणपत्र द्या, असे कायदा सांगतो. विरारची ‘रमाबाई अपार्टमेंट’ ऑगस्ट २०२५ मध्ये १७ जणांसह कोसळली, तेव्हा ती तिशीच्या आसपासही नव्हती. पोरवयात मरणाऱ्या इमारतींना म्हातारपणीच्या तपासणीचा काय उपयोग? घर घेणारा वीस वर्षे हप्ते फेडतो. बांधकामातल्या दोषाची विकासकावरची जबाबदारी रेरा कायद्याने पाच वर्षांत संपते. अनधिकृत मजले चढताना पालिकेला दिसत नाहीत, घरपट्टी आकारताना मात्र लख्ख दिसतात. दुसऱ्यांना नोटिसा बजावणाऱ्या मुंबई महापालिकेची स्वतःची इमारत, डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडई, २७ सप्टेंबर २०१३ रोजी कोसळली. ६१ माणसे मेली. त्यात पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे होती. घरच्या माणसांनाही जी यंत्रणा वाचवू शकत नाही, ती परक्यांना काय वाचवणार?

आमची मागणी साधी आहे. पहिली तपासणी दहाव्या वर्षी करा. तिचा अहवाल फायलीत न दडवता इमारतीच्या फाटकावर लावा. नकाशा मंजूर करणारा अधिकारी, दाखला देणारा अभियंता आणि बांधणारा ठेकेदार यांची नावे त्याच फलकावर कोरा. इमारत पडली तर त्या तिघांपासून चौकशी सुरू होऊ द्या.

वाचकहो, तुमच्या सोसायटीच्या येत्या सभेत बाहेरच्या रंगाचा ठराव येईल. तो रोखा. आधी गच्चीची गळती, फुटके पाइप आणि स्ट्रक्चरल ऑडिट यांचा ठराव मांडा. वर्गणी वाढेल म्हणून कोणी ओरडलाच, तर त्याला छताचे सुटलेले पोपडे दाखवा आणि मतदान घ्या.