दान दिले, पण पोहोचले का?



नाथमहाराजांच्या एका पैची गोष्ट आपण कीर्तनात अनेकदा ऐकली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींनी एकनाथांना हिशेबाच्या कामावर बसवले होते. एका रात्री जमाखर्चात एक पै जुळेना. नाथ दिवा लावून वह्या उलगडत बसले. पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. इथून कीर्तनकार एकाग्रतेकडे आणि ध्यानाकडे वळतात, ते योग्यच आहे. पण माउली, ती पै कोणाची होती, हे आपण कधी विचारतो का? ती नाथांची नव्हती. ती दुसऱ्याची होती, म्हणूनच तिच्यासाठी रात्र जागावी लागली.

देवगिरी आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून हाकेच्या अंतरावर आहे, पैठणही एका सकाळीत गाठता येते. नाथांच्या या मुलखात राहणारे आपण दान देताना मात्र काय म्हणतो? "दिले आणि विसरलो." "त्याचे पाप त्याच्यापाशी." "देवाच्या कामात हिशेब कसला?" पावती फाडणारा दारात आला की शंभर, पाचशे, हजार देऊन आपण मोकळे होतो. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे विचारणे आपल्याला अश्रद्धेचे लक्षण वाटते.

ही समजूत चुकीची आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दान देऊन विसरावे, पण विसरायचे ते आपले नाव. आपण नेमके उलट करतो. पंख्याच्या पात्यावर, बाकड्यावर, संगमरवरी पाटीवर आपले नाव नीट कोरले आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहतो. ज्याच्यासाठी दिले त्याला ते मिळाले का, हे मात्र पाहायला जात नाही.

कोणी म्हणेल, तुकोबांनी तर कर्जखते इंद्रायणीत बुडवली, तिथे कुठला हिशेब? परंपरा काय सांगते ते पूर्ण आठवा. तुकोबांनी आधी निम्मी खते भाऊ कान्होबाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. स्वतःचे सोडताना त्यांनी हात आखडला नाही, दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. संस्थेच्या पेटीतला पैसा हा दुसऱ्याचा वाटा असतो. तो उदारपणे बुडवायचा अधिकार कोणाही विश्वस्ताला नाही.

दामाजीपंतांची कथा घ्या. मंगळवेढ्यात दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. मग विठू महाराच्या रूपात पांडुरंग बिदरला गेला, धान्याची रक्कम चुकती केली आणि रसीद घेतली. प्रत्यक्ष देव रसीद घेतो, आणि आपण मागितली की अविश्वासू ठरतो?

आता पात्राचा विचार. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाला देश, काल आणि पात्र पाहण्याची अट घातली आहे. ज्ञानोबारायांनी त्यावर भाष्य केले आहे. नाथांनी रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीचे गंगाजल तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. त्या प्रसंगात मोजमाप नव्हते असे आपल्याला वाटते. पण नाथांच्या डोळ्यांसमोर तहान होती, आणि पाणी पिऊन गाढव उठले हेही त्यांनी पाहिले. आपण संस्थेमार्फत देतो तेव्हा ना तहान दिसते, ना उठलेले गाढव. म्हणून विचारावे लागते. दूरच्या दानात विचारणे हेच पाहणे आहे.

विचारायचे काय? पहिले, नोंदणी आणि हिशेब. आपल्या राज्यात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा आहे आणि हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. जी संस्था ताळेबंद दाखवायला कुरकुरते, तिला दान देण्याची घाई करू नये. दुसरे, कामाचा परिणाम. नेत्रशिबिरात पाचशे जणांची तपासणी झाली, असे पत्रक सांगते. त्यांतल्या किती जणांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली? महिन्यानंतर किती आजींना सुईत दोरा ओवता आला? तिसरे, आपले पैसे आले नसते तर काय अडले असते? वारीच्या वाटेवर एका मुक्कामी दहा मंडळे केळी वाटतात आणि पुढच्या टप्प्यावर शौचालय नसल्याने बाया अंधाराची वाट पाहतात. अकरावे केळी-वाटप हे दान असेल, पण गरज दुसरीकडे उभी आहे.

रुग्णालयांचेही तसेच. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. नव्या यंत्रासाठी देणगी देण्याआधी विचारा, या वर्षी त्या खाटांवर किती गरीब झोपले?

इथे एक इशारा हवा. हिशेब पाहायला शिकलेले काही दाते दुसऱ्या टोकाला जातात. "पगारावर किती खर्च?" एवढेच विचारतात आणि ज्याचा आकडा कमी, ती संस्था चांगली म्हणतात. हीसुद्धा आंधळी मोजणी आहे. दिंडीला पाणी पुरवणाऱ्या टँकरचे डिझेल आणि चालकाचा पगार वगळला तर पाणी पोहोचणार कसे? चांगली परिचारिका, नेमका हिशेबनीस यांचे वेतन हा सेवेचाच भाग आहे. खर्च कुठे झाला यापेक्षा त्यातून कोणाचे दुःख किती हलके झाले, ते पाहा.

जगात हे काम गांभीर्याने करणारे लोक आहेत. अमेरिकेतली गिव्हवेल ही संस्था २००७ पासून दात्यांसाठी धर्मादाय कामे तपासते. मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या, मुलांना अ जीवनसत्त्व अशी साधी कामे तिच्या शिफारशीत येतात, कारण तिथे थोड्या पैशांत जीव वाचल्याचा पुरावा सापडतो. स्वतःच्या चुकांची यादीही ती जाहीर करते. सगळेच असे मोजता येणार नाही. मरणाऱ्याचा हात धरून बसणाऱ्याला गुण कसे द्यायचे? पण जे मोजता येते ते मोजायचेच नाही, याला भक्ती म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

आपल्याकडे गाडगेबाबा होते. लोकांच्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः गाडगे-चिंध्यांवर राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. याच सोसायटीने १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. बाबांनी आपली कमाई कोणाच्या हाती द्यायची, हे काम पाहून ठरवले. पात्र ओळखणे म्हणजे हेच.

तेव्हा माउली, पुढची पावती फाडण्याआधी नम्रपणे विचारा: गेल्या वर्षीच्या पैशाचे काय झाले, कोणाला मिळाले, काय जमले नाही? प्रामाणिक सेवक रागावणार नाही. आपल्या कामाकडे कोणीतरी पाहते आहे, याचा त्याला आनंदच होईल. जो रागावेल, त्याच्याकडे पैसे न देता परत या आणि ते पैसे जिथे तहान आहे तिथे न्या.

रामकृष्णहरी!