पाणी जाते कुठं?

एप्रिलातली गोष्ट. झरीहून सकाळी निघालो. जीपमध्ये आम्ही सात जणी, त्यात तान्हं पोर घेतलेली एक कोलाम मुलगी. तिच्या पोटगीच्या अर्जाची तारीख होती. झरी जामणीतल्या कुमारी मातांचा प्रश्न दर काही वर्षांनी पेपरात छापून येतो. मुलीला तारखेला नेऊन उभं करणं मात्र कुणाला तरी करावंच लागतं. चढ लागला तसा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. तारीख हुकली. पुढची दोन महिन्यांनी.

रस्त्यात उभ्या असताना ती मुलगी म्हणाली, "ताई, आताच तर पाणी टाकलं होतं. जाते कुठं?" आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही.

मेकॅनिकने दोन मिनिटांत निकाल दिला. हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल. कशावरून, असं मी विचारलं, तर तो आमच्या ड्रायव्हरकडे वळून बोलू लागला. गाडी संस्थेची, पैसे आम्ही देणार, आणि उत्तर ड्रायव्हरला! शिबिरासाठी ठेवलेले पैसे आम्ही काढायला निघालोही होतो.

दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी प्रश्न विचारले. गाडी उभी असताना तापते की चढावर? पाणी बाहेर सांडतं की आत जातं? म्हणजे त्या मुलीचाच प्रश्न. मग त्यांनी समजावलं. उभ्या गाडीत काटा चढतो आणि पळताना उतरतो, तर संशय पंख्याचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. भरलेली गाडी चढावर तापते, तर रेडिएटर तुंबला असेल किंवा थर्मोस्टॅट नीट उघडत नसेल. पाणी कमी होतं पण खाली थेंब दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतच राहते, ऑइलची काडी ताकासारखी पांढरट निघते, तेव्हा हेड गॅस्केटचं नाव घ्यावं. आमची काडी स्वच्छ होती.

रेडिएटर तुंबला होता. बाहेरून धूळ आणि गवताचं कुसळ, आतून क्षार. मुकुटबनच्या बाजूला जमिनीत चुनखडी. बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर धरतो, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तेच पाणी आम्ही वर्षानुवर्षं गाडीत ओतत होतो. घरात जे ज्ञान, ते बॉनेटपाशी आलं की आपण विसरतो. तापल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, हे कुकर वापरणारीला वेगळं सांगावं लागू नये: दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, झाकण सैल होताच उसळतं. निदान अर्धा तास थांबावं. तापल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, धातू तडकतो.

मैत्रिणींनो, तुलना कुणाला खटकेल, तरी करते. २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया चर्चेत आल्या, तेव्हा आपण विचारलं होतं: तपासणी काय केली? दुसरा उपाय का सांगितला नाही? इंजिन म्हणजे शरीर नव्हे. पण आधी खोलायचं आणि कारण सांगायचंच नाही, ही रीत ओळखीची आहे.

२०१९ सालीच एसटी महामंडळाने स्त्री चालकांची निवड केली, त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या आदिवासी तरुणीही होत्या. स्त्रीच्या हाती प्रत्यक्ष प्रवासी बस यायला २०२३ उजाडलं. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण संस्थांच्या प्रशिक्षणांत मुलींना स्टिअरिंग मिळतं, लायसन मिळतं, बॉनेटखालचं कुणी दाखवत नाही. मग गाडी बाईची असली तरी निदान पुरुषाचं, आणि बिलही त्याने म्हणावं तेवढं. आमचं काम शेवटी रेडिएटर काढून धुण्यावर भागलं. आता आम्ही त्यात कूलंट घालतो, बोअरचं पाणी नाही.

दिवाळीनंतरच्या शिबिरात एक दुपार कायद्याच्या सत्रातून काढून जीपला दिली आहे. कायदेवाल्या मैत्रिणी थोड्या रुसल्या आहेत. म्हातारे मिस्त्री यायला तयार आहेत, फक्त म्हणाले, जुन्या साड्या नेसून या.